धुण्याच्या हौदातल्या पोटुश्या

४ फेब्रुवारी

बूट घालून धुण्याच्या दगडावर उभं राहायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात ते मला आधी सांग. त्या दगडावर मी एकेचाळीस वर्षं अनवाणी उभी राहिले. तुझे आजोबासुद्धा त्यावर कधी चपलेनिशी चढले नाहीत, आणि त्यांना तर कुठे चढावं याचा पाचपोच नव्हता.

काल दुपारी एक चष्मेवाला आला. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही, मागच्या गल्लीतून थेट अंगणात. बघते तर हा माझ्या हौदावर ओणवा, कापडी मोजपट्टी पाण्यात, आणि तोंडाने लांबी-रुंदी पुटपुटतोय.

"कोण रे तू?" म्हटलं.

"मासे बघायला आलोय, आजी."

"मासे बाजारात असतात."

"हे वेगळे आहेत. दोन-चार घेऊन जाऊ का?"

घेऊन जाऊ का म्हणे! रंग ढवळायची काठी अजून दारामागे उभी असते. ती घेतली. मारली नाही, उगाच बापाला कळवू नकोस. नुसती दाखवली. तेवढ्यात तो मोजपट्टी टाकून पळाला. पट्टी बरी आहे, तिच्यावर मी आता फडकी वाळत घालते.

हा कुणी पाठवला ते न कळायला मी काही कुक्कुबाळ नाही. तुझ्या बापाला हौद फोडून तिथे गाडी उभी करायचीय. "आई, अकरा वर्षांत तू एक लडी रंगवली नाहीस, हौद हवेत कशाला?" रंगाचा फोडला, तुरटीचा फोडला, तेव्हा मी गप्प बसले, कारण ते कोरडेच होते. धुण्याच्या हौदात पाणी आहे आणि पाण्यात पोटुश्या आहेत. म्हणून आता मासे बघण्याचं सोंग करून माप घ्यायला माणूस पाठवला. अक्कल वाटत होते तेव्हा हा बाहेर गाडी पुसत असेल.

तू यात आहेस का? बाप म्हणतो, तू फोनवर हौदाची चौकशी करत होतीस. सात वर्षं तुला हौद आठवला नव्हता. मला फोन करू नकोस. एक तर मला त्यात नीट ऐकू येत नाही, आणि तू नुसती हो-हो करतेस. लिही. खोटं बोलायचं असेल तर कागदावर बोल, हाताला तरी कष्ट पडू देत.

तब्येत विचारायची राहिली. असेल बरी.

आजी


१५ फेब्रुवारी

प्रिय आजी,

नमस्कार. तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग घाम फुटला. तो चष्मेवाला बाबांनी पाठवलेला नव्हता. ते माझे साहेब होते, आमच्या मत्स्यसंस्थेतले सगळ्यात मोठे. कुठल्याशा बैठकीसाठी त्या बाजूला आले होते, आणि मी त्यांच्यापुढे तुझ्या हौदाबद्दल बोलून गेले होते. मला न सांगता ते थेट गेले. बुटांबद्दल मी त्यांच्या वतीने माफी मागते. मोजपट्टी त्यांनी मागितलेली नाही.

आता मुद्द्याचं. तू ज्यांना पोटुश्या म्हणतेस ते मासे अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात, हे तू मला शिकवलंस तेव्हा मी पाच वर्षांची होते. जगात ते एकाच ठिकाणी होते: आपल्या वरच्या झऱ्यात आणि त्याच्या ओहोळात. मी डिसेंबरमध्ये तिथे चार दिवस जाळं टाकलं. एकही मिळाला नाही. कुणीतरी डास खाण्यासाठी दुसरे मासे सोडलेत. तेही पोटुश्यांसारखेच दिसतात, पण ते डासांआधी दुसऱ्याची पिल्लं खातात.

आमच्याकडे काचेच्या टाक्यांत काही पोटुश्या आहेत. झऱ्याचा वरचा भाग जाळी लावून, ते परके मासे काढून, तिथे पोटुश्या परत सोडायच्या असं ठरलंय. त्यासाठी तुझ्या हौदातल्या थोड्या मिळाल्या तर फार बरं होईल. बाबांना हौद फोडू देऊ नकोस. मीही त्यांच्याशी बोलते.

आणि आजी, मी आठवण काढत नाही असं नाही.

तुझी चिचुंद्री


२४ फेब्रुवारी

चिचुंद्रे,

म्हणजे तुला पगार मासे मोजायचा मिळतो. मला वाटत होतं निदान पकडून खायचा तरी मिळत असेल.

तुझ्या साहेबाला हे वाचून दाखव, म्हणजे कळेल की तो हौद शोभेचा नाही. मी या घरात आले तेव्हा माझ्या सासूने मला चूल दाखवली नाही, हौद दाखवला. म्हणाली, पांढरं सूत पाण्यात घालायच्या आधी मासे बघायचे. पोटुश्या तळाशी हिंडत असल्या तर पाणी चांगलं. वर येऊन तोंडं उघडायला लागल्या की पाण्यात काहीतरी उतरलंय. मग सूत बाहेर ठेवायचं, आणि वरच्या अंगाला कुणी काय ओतलं ते शोधून त्याचे पूर्वज उद्धरायचे. वरचा कातड्याचा कारखाना दोनदा घाण सोडून मोकळा झाला. बाकीच्या रंगाऱ्यांच्या लड्या पिवळ्या पडल्या, आमची एक नाही. माशांवर कुणाचा जीव नव्हता. काठी असते, चाळणी असते, तसा मासा.

आणि जीव लावावा असं त्यांच्यात आहे तरी काय? नर बोटाच्या पेराएवढा, शेपटीला पिवळी कड, दिवसभर बायकांच्या मागे. दुसरं काम नाही. तुझ्या आजोबांना मी नेहमी म्हणायची, हौदात बघा, तुमचे भाऊबंद. मादी मोठी, करडी, पोट हे एवढं. पोटाच्या मागच्या बाजूला काळा डाग पडला की चार-पाच दिवसांत वीस-पंचवीस पिल्लं टाकणार, आणि वळून त्यातली अर्धी स्वतःच गिळणार. ज्याला पळता आलं तो वाचला. लोक म्हणतात काय ही आई. मी म्हणते, उरलेली अर्धी शहाणी तरी निघतात. मी एकच काढला आणि वाचवला, तो बघ, हौद फोडायला निघालाय.

गवंडी वीस मार्चला येणार आहे. ठरवून आलाय तुझा बाप. मला विचारलं नाही, कळवलं.

आता तुझं. "काही पोटुश्या आहेत" म्हणतेस. काही म्हणजे किती? लहानपणी साखरेच्या डब्यात "थोडी आहे" म्हणायचीस तेव्हा डबा चाटूनपुसून रिकामा असायचा. एवढा मोठा साहेब माझ्या अंगणात चोरासारखा कशाला शिरेल? ज्याच्या घरी भरलेलं आहे तो दुसऱ्याच्या हौदावर ओणवा होत नाही.

नीट लिही.

आजी


६ मार्च

आजी,

डबा रिकामा आहे.

अडतीस होत्या. झऱ्यातून दहा वर्षांपूर्वी आणलेल्यांची ती शेवटची पिलावळ. जानेवारीत एका शनिवारी सगळे घरी गेले होते आणि टाक्यांचं पाणी बदलायचं माझ्याकडे होतं. मला बसने एका लग्नाला पोचायचं होतं. साठवून ठेवलेल्या पिंपातलं पाणी कमी पडलं म्हणून मी नळाचं ताजं पाणी लावलं. सोमवारी आले तर सगळ्या वर तरंगत होत्या, पोटं पांढरी. त्यातल्या अकराजणींना काळा डाग होता.

साहेबांना मी सांगितलं की हवेचा पंप बंद पडला असावा. ते मिस्त्रींना खूप बोलले. मिस्त्री म्हणजे पंप आणि नळ बघणारे आमचे वयस्कर गृहस्थ. पण ते शांत आहेत, फार मनाला लावून घेत नाहीत.

तेव्हा आता जगात पोटुश्या फक्त तुझ्याकडे आहेत. मी तुझ्यापासून लपवायला नको होतं.

आणि अजून एक, ज्याने मला झोप नाही. मी सात वर्षांची असताना दुकानातून एक लालभडक मासा आणला होता. तो एकटा पडू नये म्हणून मी त्याला तुझ्या हौदात सोडला. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, त्याने बाहेर उडी मारली आणि मेला. मी दोन दिवस जेवले नव्हते. आजी, तो नर होता, आणि पोटुश्यांचाच लांबचा भाऊबंद. त्यांची पिल्लं होऊ शकतात. मादीला नर एकदा भेटला की पुरे, ती त्याचं बीज महिनोन् महिने पोटात साठवते आणि पुन्हा पुन्हा पिल्लं देते. तो हौदात नक्की किती वेळ होता? नंतर लाल पिल्लं दिसली का? हौदात त्याचं रक्त शिरलं असेल तर ते मासे झऱ्यात सोडता येणार नाहीत.

साहेबांनी विचारलंय, हौदात बाहेरचे मासे कधी पडलेत का. तू काय सांगशील त्यावर सगळं आहे. मासे खरे असले तर ते स्वतः बाबांशी बोलून हौद वाचवतील.

चिचुंद्री


१३ मार्च

रंगाऱ्याच्या नातीने नळाचं ताजं पाणी लावलं! हे वाचून मी पत्र खाली ठेवलं, चहा केला, प्यायले, आणि परत वाचलं. तेच लिहिलं होतं.

अगं, नळ आला तेव्हा या गल्लीत सगळ्यात आधी तुझी आजी शिकली की त्या पाण्यात औषध असतं आणि ते रंग खातं. दोन दिवस पिंपात उघडं ठेवून शिळं केल्याशिवाय आम्ही ते पोतेऱ्यालासुद्धा लावलं नाही. तू याच घरात रांगलीस. पिंपाला धरून उभी राहायला शिकलीस. आणि तुला बस चुकायची भीती! ज्याचं लग्न होतं ते जोडपं एव्हाना भांडायलाही लागलं असेल, आणि इकडे तू अकरा गर्भारणी मारल्यास.

बरं, मारल्यास तर मारल्यास. हात आहेत म्हणजे चूक होणार. पण पंपाचं नाव? पंप बिचारा फुरफुरत होता ना? आणि वर म्हणतेस, मिस्त्री शांत आहे. शांतच असणार. ज्याला गेली तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवरून बोलणी खायची सवय आहे तो काय गोंधळ घालणार? तुझे आजोबाही असेच शांत होते. ते कामाला जायचे त्या रंगाच्या कारखान्यातला मुकादम बिघडलेला रंग त्यांच्या नावावर खपवायचा आणि हे घरी येऊन म्हणायचे, जाऊ दे. जाऊ दे, जाऊ दे करत स्वतः गेले.

आता तुझा लाल. त्याने उडीबिडी मारली नाही. मीच मारला. तू शाळेत गेलीस त्या दुपारी चाळणीने काढला आणि शेजारणीच्या बदकाला घातला. बदकाने चावलासुद्धा नाही. तू रडशील म्हणून खोटं सांगितलं, आणि तू तरीही रडलीस, म्हणजे खोटं फुकट गेलं. वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही. धुण्याच्या पाण्यात लाल दिसलं की रंगारी काय समजतो? कुठल्यातरी लडीचा रंग सुटला. त्या सकाळी मी पांढऱ्या सुताच्या सगळ्या लड्या उपसून पुन्हा तपासल्या, तुझ्या त्या टीचभर माशापायी.

हौदात तो एक रात्र आणि अर्धा दिवस होता. पाच आठवड्यांनी लाल पिल्लं निघाली. तीही बदकाला. त्यानंतर रोज सकाळी चाळणी घेऊन बसायची, आणि अंगावर तांबूस टिकली दिसली तरी उचलायची. दोन वर्षं. माझ्या डोळ्यांतून लाल सुटत नाही, बत्तीस प्रकारचे लाल मी या हातांनी काढलेत.

गेली अठरा वर्षं हौदात लाल दिसला नाही. तेव्हा सांग तुझ्या साहेबाला, आजी म्हणते हौद साफ आहे.

लवकर सांग. गवंडी वीसला येतोय.

आजी


२२ मार्च

आजी,

तुझं पत्र मला सतराला मिळालं. ते घेऊन मी साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "हौद साफ आहे" एवढंच सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी बाबांना फोन केला असता. तपासणीचा निकाल यायला वर्ष लागलं असतं, तोवर मासे झऱ्यात गेले असते आणि माझ्यावरचं ओझं उतरलं असतं.

पण तो साफ नाही, आजी. तू लाल दिसले तेवढे वेचलेस. त्यांच्याच पाठच्या करड्या बहिणी राहिल्या. दिसायला अस्सल पोटुश्या, आत त्या लाल बापाचं रक्त. ते दिसत नाही, धुतलं जात नाही आणि पिढ्यान् पिढ्या उतरत राहतं. तुझा डोळा कितीही तयार असला तरी ते त्याला दिसणारं नाही.

मी अठराला साहेबांना खरं सांगितलं. लाल मासा मी सोडला होता, हौद मिसळलेला आहे. ते एवढंच म्हणाले, "संपलं मग." त्यांनी बाबांना फोन केला नाही. मिस्त्रींना त्यांनी गोदामात बसवलंय, जुन्या काचा मोजायला. मी त्यांच्या समोरून जायचं टाळते.

काल बाबांचा फोन आला. हौद फुटला. म्हणाले, आई खुर्ची टाकून बघत बसली. आजी, साहेबांना काठी दाखवलीस आणि गवंड्याला नुसतं बघत बसलीस? मिसळलेले का होईना, तेवढेच उरले होते. तुला कशाचंच काही वाटत नाही का?

तुझी नात


३० मार्च

वाटण्याचं मला विचारू नकोस. मी रंगारीण आहे, देवळातली मूर्ती नाही.

गवंड्याने चहा मागितला, तो दिला. घण चांगला चालवत होता. तुझ्या बापाला ऐन वेळी दया सुचली. मासे बादलीत भरून म्हणतो, "आई, वरच्या ओहोळात सोडून येऊ का, जगतील बिचारे." म्हटलं, बादली खाली ठेव. तिथे ते सोडलेस तर मी तुला सोडणार नाही. बादली बदकांना दिली. त्या बदकाची ही कितवी तरी पिढी, पण चव आठवत असावी.

करड्या बहिणींच्या पोटात लाल राहतं, हे मला तुझ्या संस्थेने शिकवायचं? दोन वर्षं वेचल्यावरही सगळं करडं असताना एक तांबडा निघालाच. त्याच दिवशी मला कळलं, हा डाग धुण्यातला नाही. पाणी बघायला मिसळलेला मासाही चालतो, म्हणून हौद तसाच ठेवला. तुला "साफ आहे" लिहिलं ते बघायला, तू ते उचलून साहेबाच्या पदरात घालतेस की काय. नाही घातलंस. बरं केलंस. आता पुढचं वाच आणि बसून वाच.

मागच्या दाराशी जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण आहे, लाकडी पट्ट्यांचं झाकण असलेला. तुझा बाप गेली वीस वर्षं त्यावर बसून बूट चढवतो. पाय धुवायचं पाणी समजतो. पाय त्याने कधी धुतले नाहीत म्हणून निभावलं.

सासूने मला हौद पहिल्या दिवशी दाखवला, रांजण अकराव्या वर्षी दाखवला. रंगाऱ्याच्या घरी सगळं बी कधी एका पाण्यात ठेवत नाहीत. कारखान्याने घाण सोडली आणि हौद मेला, तर रांजणातून पुन्हा भरायचा. दोनदा भरलाय. रांजणातला मासा हौदात जातो. हौदातला मासा रांजणात कधीच जात नाही, मग तो कितीही देखणा असो. आणि घरात एका वेळी एकालाच रांजण माहीत असतो. तुझ्या आजोबांनाही नव्हता. त्यांना सांगितलं असतं तर ते चार मित्रांना घेऊन बघायला आले असते.

काल झाकण काढून मोजल्या. त्रेचाळीस. नऊजणींना काळा डाग. लाल तिथे कधी गेला नाही. हवं तर तपासा, वर्ष लावा, मला काय.

तेव्हा आता एकाला माहीत होता तो दोघींना झाला. माझ्यानंतर तो कुणाच्या तरी डोक्यात राहायला हवा होता, आणि बापाच्या डोक्यात गाडी आहे.

पण फुकट काही नाही. लाल माशाचं सांगितलंस, ते सोपं होतं. सात वर्षांच्या पोरीची चूक कुणीही कबूल करतं, उलट कौतुक होतं. नळाचं पाणी ज्या बाईने लावलं ती सत्तावीस वर्षांची आहे, आणि तिच्यापायी एक म्हातारा गोदामात काचा मोजतोय. साहेबाच्या खोलीत जा. मिस्त्रीला बोलावून घे. दोघांच्या समोर सांग: पंप चालू होता, पाणी मी लावलं, बस चुकेल म्हणून. "असावा", "झालं असेल" असलं काही चालणार नाही. नोकरी गेली तर इथे ये. रंगाचं काम उरलं नाही, पण बोलणी खायला जागा आहे.

त्यानंतर मिस्त्रीला इकडे पाठवा. रांजणाचं झाकण मी फक्त त्याच्यापुढे उघडीन. पिंप आणि दोन दिवसांचं शिळं पाणी त्याने बरोबर आणायचं. त्याला हे सांगावं लागणार नाही. साहेबाला यायचं तर येऊ दे, पण मागे उभं राहायचं, अनवाणी, आणि कशालाही हात लावायचा नाही. मोजपट्टी मिळणार नाही.

तोवर तुझा बाप त्या झाकणावर बसू दे. आता गाडी दारातच असते, त्यामुळे बूट चढवायला त्याला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. बसून तिच्याकडे बघत राहतो.

या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. साहेबानेही नाही. मिस्त्रीने द्यायचं, पंप चालू होता की बंद ते स्वतः लिहून. लिहिता येत नसेल तर कुणाकडूनही लिहून घेऊ दे, फक्त तुझ्याकडून नाही.

आजी